पाण्यातला घाम

२००५ सालचा रमजान ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू झाला आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात संपला. दिवाळीही त्याच दिवसांत आली होती. चंद्रपूरहून आम्ही दोन घरांतली सात-आठ माणसे, ऑक्टोबरच्या अखेरच्या एका रविवारी, ब्रह्मपुरीकडे नातेवाइकांच्या घरी इफ्तारला निघालो होतो. नागभीड मागे टाकल्यावर रस्त्यालगतच्या एका गावात तलावावर शिंगाड्याची तोड चालू दिसली. मुलांनी शिंगाडा तोपर्यंत फक्त हातगाडीवर पाहिलेला. ती हट्टाला पेटली. वेळ हाताशी होता, म्हणून आम्ही गाडी थांबवून पाळीवर चढलो.

शिंगाड्याची तोड ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. तलावाचा निम्माअधिक भाग हिरव्या पानांनी झाकलेला असतो. पाने चक्राकार पसरून पाण्यावर तरंगतात. त्यांच्या देठांत हवा भरलेली असते, म्हणून ती बुडत नाहीत. पांढरे फूल पाण्यावर उमलते आणि फळ मात्र पानांच्या खाली, पाण्यात धरते. वरून पाहणाऱ्याला एकही शिंगाडा दिसत नाही. तोडणारा माणूस छातीएवढ्या पाण्यात उतरतो, किंवा डोंग्यात वाकून बसतो, एकेक चक्र हाताने उलटे करतो, तयार झालेले फळ चाचपून तोडतो आणि चक्र पुन्हा जसेच्या तसे ठेवतो. कच्चे फळ तोडले तर नुकसान, वेल ओढली गेली तर पुढच्या तोडीचे नुकसान. फळाला दोन शिंगे असतात आणि ती टोचतात. गेल्या वर्षीची, चिखलात कडक झालेली शिंगे पायांत घुसतात. आम्ही पाहिले तेव्हा पुरुषांबरोबर बायकाही पाण्यात होत्या. सकाळपासून होत्या असे कळले. त्यांच्या हातांची कातडी पांढरी पडून सुरकुतली होती.

काठावर एक म्हातारी बाई ढीग लावून निवड करीत बसली होती. आम्ही भाव विचारला. तिने सांगितला. आमच्यापैकी एकाने सवयीने दोन रुपये कमी करायला सांगितले. ती म्हणाली, "भाऊ, पान्यात उभं राहून पाहा, मंग भाव सांगा." आम्ही हसलो, तीही हसली. आम्ही जायला निघाल्यासारखे केले तेव्हा ती म्हणाली, "घ्या मंग. सांज होऊन राहिली, आता कुठं नेऊ?" पाच किलो घेतले. दहा रुपये वाचले.

पावणेसहाच्या सुमारास इफ्तार झाली. दस्तरखानावर खजुराच्या बाजूला उकडलेले शिंगाडे होते. आमच्यातल्या वयाने मोठ्या खालाजाननी खजूर घेतला, पाणी घेतले. शिंगाड्याला हात लावला नाही. कोणीतरी आग्रह केला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "त्या बाईने ते मनापासून दिले होते का?" कोणाला उत्तर सुचले नाही. मग नमाजची वेळ झाली आणि विषय तिथेच राहिला. तो अजूनही आमच्याजवळच आहे, म्हणून हा लेख.

प्रश्न दहा रुपयांचा वाटतो. तो तेवढाच असता तर एका रात्रीत विसरलो असतो. आमच्यापैकी ज्यांनी भाव केला त्यांचे म्हणणे साधे आणि सबळ होते. व्यापार परस्परांच्या राजीखुशीने व्हावा असे कुरआन सांगतो. बाईने भाव कबूल केला, आम्ही पैसे रोख मोजून दिले, वजनात फसवणूक झाली नाही. घासाघीस हा बाजाराचा रिवाज आहे आणि शरीयतने तो मना केलेला नाही. आम्ही घेतले नसते तर तिचा माल त्या संध्याकाळी पडून राहिला असता. म्हणजे आम्ही तिची अडचणच दूर केली. हे सगळे खरे आहे. फतवा मागायला गेलो असतो तर ते शिंगाडे हलालच ठरले असते.

खालाजानचा प्रश्न मात्र हलाल-हरामचा नव्हता, राजीखुशीचा होता. संध्याकाळ झाली म्हणून दिलेला होकार आणि मनापासून दिलेला होकार या दोहोंना आपण एकच शब्द वापरतो. बाजाराला दोहोंतला फरक मोजता येत नाही. दिवसभर उपाशी राहून अल्लाहसमोर बसलेल्या माणसाने तो मोजावा की नाही?

याचे उत्तर शोधताना आमची गाडी 'हक्क' या शब्दापाशी येऊन थांबली. मराठीत हा शब्द इतका रुळला आहे की तो अरबी आहे हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. कुरआनच्या सूरह अनआममध्ये बागा, खजुरी, शेते, जैतून आणि डाळिंबे यांचा उल्लेख करून सांगितले आहे की फळे आली की खा आणि कापणीच्या दिवशी त्याचा हक्क देऊन टाका. तिथे दान, खैरात असा शब्द नाही. हाच 'हक्क' शब्द आहे. पिकात दुसऱ्या कोणाचा तरी हिस्सा आधीच आहे, तो मालकाच्या हातात फक्त आलेला आहे, असा त्याचा रोख. शिवाय दिवस ठरवून दिला आहे. माल घरी नेऊन, विकून, हिशेब करून, मग वर्षअखेरीस उरले तर, असे म्हटलेले नाही.

आपण मराठीत हा शब्द बहुतेक वेळा मागण्यासाठी वापरतो. हक्काची जागा, हक्काची भाकरी, हक्कांसाठी मोर्चा. ते योग्यच आहे. ज्यांना कधी काही मिळाले नाही त्यांना हा शब्द फार उपयोगी पडला आहे. पण कुरआनात त्या ठिकाणी तो घेणाऱ्याला उद्देशून आलेला नाही, ज्याच्या हातात पीक आहे त्याला उद्देशून आला आहे. देणाऱ्याने आपल्यापाशी असलेल्या मालातला परका हिस्सा ओळखावा, ही त्याची मागणी आहे.

सूरह कलममध्ये एका बागेच्या मालकांची हकिकत येते. ते रात्री ठरवतात की पहाटेच फळे तोडून घ्यायची, म्हणजे एकही गरीब माणूस बागेत शिरणार नाही. दबक्या आवाजात बोलत ते पहाटे निघतात आणि पाहतात तर बाग आधीच उद्ध्वस्त झालेली. या लोकांनी चोरी केलेली नव्हती. बाग त्यांचीच होती, फळे त्यांचीच होती. त्यांनी फक्त तोडणीची वेळ अशी निवडली की दुसरा कोणी हजर असू नये. आम्ही तर उलट्या वेळेला गेलो होतो: दिवस मावळताना, विकणारीला दुसरे गिऱ्हाईक मिळण्याची शक्यता नसताना. वेळ निवडून गेलो नव्हतो, पण वेळेचा फायदा घेतला हे खरे.

आता या तलावात कोणाकोणाचा हक्क आहे ते पाहू. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया आणि नागपूर या जिल्ह्यांत असे सहा-सात हजार जुने तलाव आहेत. लोक त्यांना मामा तलाव म्हणतात. यात कोणी मामा नाही. 'माजी मालगुजारी' याची ती आद्याक्षरे. गोंड राजांच्या काळी जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालची जमीन मिळे, असे सांगतात. बांधकामात कोहळी समाजाचा हात मोठा. जमिनीचा उतार डोळ्यांनी जोखून कुठे पाळ घालावी, कुठे सांडवा ठेवावा हे ते जाणत. पुढे तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले. १९५० साली तेव्हाच्या मध्य प्रदेशाने मालगुजारी रद्द करणारा कायदा केला, १९५१ पासून तो अमलात आला आणि तलाव सरकारजमा झाले. १९५६ मध्ये हा मुलूख मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. आज लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे खात्याकडे. मासे आणि शिंगाडा यांसाठी तलाव ठेक्याने दिला जातो. बहुतेक ठिकाणी ढिवर समाजाची मच्छीमार सहकारी संस्था तो घेते. गावाचा निस्तार वेगळा: गुरांना पाणी, धुणे, भिजवणी.

म्हणजे त्या एका शिंगाड्यात किती जणांचा हिस्सा आहे बघा. पाळ घालणाऱ्याचा, जो केव्हाच मातीआड झाला. राजाचा, मालगुजाराचा, सरकारचा. रोपे तयार करून पावसाळ्यात पाण्यात लावणाऱ्याचा, पानांवरचे किडे वेचणाऱ्याचा. आणि सर्वांत शेवटी, हात पांढरे पडेपर्यंत पाण्यात उभ्या राहणाऱ्या बाईचा. यांतल्या सरकारला ठेक्याची रक्कम आधीच मिळते. व्यापाऱ्याला नागपूरच्या बाजारात मिळते. नवरात्रात आणि एकादशीला शिंगाड्याचे पीठ लागते, कारण ते धान्यात मोडत नाही आणि उपासाला चालते. त्यामुळे मागणी पक्की. पाण्यात उतरलेल्या बाईचा हिस्सा तेवढा शेवटपर्यंत अनिश्चित राहतो आणि तो कमी करायला सर्वांना सोपा जातो. आम्ही तेच केले. एकादशीचा उपास करणाऱ्यांनी आणि रोजा ठेवणाऱ्यांनी मिळून केले, असेही म्हणता येईल.

पैगंबरसाहेबांची एक शिकवण आपल्या मशिदींत वारंवार सांगितली जाते: मजुराला त्याची मजुरी घाम वाळण्याआधी द्यावी. हे आम्ही लहानपणापासून ऐकले आहे. पण त्या तलावावरून परतल्यावर आमच्यातल्या एका मुलीने विचारले, पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला घाम येतो का? येतो. फक्त दिसत नाही. तलावाच्या पाण्यात मिसळून जातो. शेतात नांगरणाऱ्याचा घाम दिसतो, हमालाचा दिसतो, भट्टीवरच्या माणसाचा दिसतो. ज्याचा घाम दिसत नाही त्याचे कष्ट कमी समजण्याची आपल्याला सवय आहे. घरातल्या बायकांच्या कामाबद्दल आपण तेच करतो. म्हातारीने आम्हाला पाण्यात उभे राहून पाहायला सांगितले ते थट्टेने, पण त्या शिकवणीचा अर्थ तिने आमच्यापेक्षा नेमका सांगितला होता.

कष्टाचे मोल शरीयतनेही हिशेबात धरलेले आहे. पावसाच्या पाण्यावर आलेल्या पिकावर उश्र दहावा हिस्सा. मोटेने किंवा कष्टाने पाणी देऊन काढलेल्या पिकावर निम्मा, म्हणजे विसावा हिस्सा. कष्ट वाढले की देणे कमी होते. अल्लाह आपला हिस्सा कमी करून घेतो, कारण माणसाने अंग मोडून काम केले आहे. आम्ही याच्या उलट केले. तिचे कष्ट जास्त, म्हणून तिचा थकवा जास्त. थकवा जास्त, म्हणून ती लवकर कबूल होणार. आणि म्हणून आमचा भाव कमी.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. उश्र शेतकऱ्यावर आहे, विकत घेणाऱ्यावर नाही. ती बाई मुसलमान नाही. तिच्यावर उश्र नाही, आणि उश्र-जकात बिगर मुस्लिमांना देता येत नाही असे बहुतेक फकीह सांगतात. मग हा हक्काचा सगळा पसारा इथे लागू होतो कसा? आमचे उत्तर असे की रास्त भाव ही जकात नाहीच. ते तिच्याकडून घेतलेल्या वस्तूचे देणे आहे. जकात माणसाच्या मालातून निघते, आणि दुसऱ्याचे देणे चुकते केल्यावरच माल माणसाचा होतो. बंद्यांचे हक्क, ज्यांना आपण हुकूकुल इबाद म्हणतो, ते ज्याचे त्याने माफ केल्याशिवाय सुटत नाहीत असे आपले उलेमा शिकवत आले आहेत. त्यात समोरचा बंदा कोणत्या धर्माचा हे विचारलेले नाही.

दुसरा आक्षेप व्यवहारी आहे. आम्ही दोन रुपये जास्त दिल्याने ढिवरांची गरिबी जाणार आहे का? गाळाने तलाव उथळ झाले, बेशरमाच्या झुडपांनी काठ भरले, ठेक्याच्या अटी, व्यापाऱ्याची आगाऊ रक्कम, हे प्रश्न पाच किलोंच्या गिऱ्हाइकाने सुटत नाहीत. मान्य. ते संस्थेने, गावाने, सरकारने सोडवायचे. पण मोठा प्रश्न आपल्याला सुटत नाही म्हणून छोट्या प्रश्नातही आपण मोकळे, हा युक्तिवाद आम्हाला पटत नाही. त्या संध्याकाळी पाळीवर सरकार नव्हते, आम्ही होतो.

शेजारच्या जिल्ह्यातले एक उदाहरण इथे आठवते. गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ साली बांबू विकण्याचा अधिकार प्रत्यक्षात हाती आला. वर्तमानपत्रांत बातमी आली ती हक्क मिळाल्याची. पण त्या गावाची खरी गोष्ट हक्क मिळण्याच्या बरीच आधी सुरू झाली होती: निर्णय सर्वांच्या सहमतीने घ्यायचा, जंगल राखायचे, तोड ठरवून करायची. पुढे २०१३ साली गावाने ग्रामदानाचा मार्ग धरला. विनोबांच्या सुलभ ग्रामदानात जमीनवाल्याने विसावा हिस्सा जमीन भूमिहीनाला आणि उत्पन्नाचा चाळिसावा हिस्सा ग्रामकोषाला द्यायचा असतो. विसावा आणि चाळिसावा! हे आकडे वाचून मुसलमान वाचक चमकल्याशिवाय राहणार नाही. कष्टाच्या पिकावरचा उश्र विसावा आणि जकात चाळिसावा. विनोबांनी कुरआनाचा अभ्यास करून त्याचे सार काढले होते हे सर्वश्रुत आहे, पण हे आकडे तिथूनच आले असा आमचा दावा नाही. हिस्सा ठरलेला असावा आणि तो देणाऱ्याने न मागता द्यावा, या एका जागी दोन वाटा भेटतात, एवढेच म्हणायचे आहे.

आमच्या त्या दोन घरांपैकी एका घरातला मुलगा पुढे नोकरीसाठी अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात गेला. तिथे क्रॅनबेरी नावाचे लाल, आंबट फळ पाणथळ जमिनीत पिकवतात. त्या देशात सर्वांत जास्त पीक त्याच राज्यात येते. पानगळीच्या दिवसांत वाफे पाण्याने भरतात, यंत्राने वेली झोडपतात आणि फळे आपोआप पृष्ठभागावर येतात, कारण क्रॅनबेरीच्या पोटात हवेचे कप्पे असतात. लाल तळेच्या तळे दिसते. लोक मुलाबाळांसह ते पाहायला जातात. त्याने फोटो पाठवले आणि सोबत लिहिले की तळे सुंदर आहे, पण पाण्यात माणसे फारशी दिसली नाहीत, आणि मला त्या म्हातारीची आठवण झाली. यंत्र वाईट असे त्याला म्हणायचे नव्हते. आपल्याकडच्या बायकांचे हात त्या यंत्राने वाचले तर आम्ही आनंदाने टाळ्या वाजवू. पण शिंगाडा तरंगत नाही. तो पिकला की देठातून सुटतो आणि तळाशी जातो. त्याला शोधायला अजून तरी माणसाचा हातच लागतो, आणि हात लागतो तोवर त्या हाताचा हक्कही राहतो.

त्या तलावावर आम्ही नंतर अनेकदा गेलो. रमजान सरकत सरकत उन्हाळ्यात गेला आणि तिथूनही पुढे सरकला. इफ्तारला शिंगाडे मिळण्याचे दिवस सध्या तरी राहिले नाहीत. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात तोड असते आणि आमची एक फेरी होते. सांगितलेला भाव आम्ही देतो. याचे कौतुक करण्यासारखे काही नाही. कपड्याच्या दुकानात छापील किंमत आपण मुकाट्याने देतोच. एकदा आमच्या मुलांनी पाण्यात उतरून पाहिले. अर्धा तास टिकली. बाहेर आली तेव्हा एकाच्या टाचेत शिंग घुसले होते. एका तोडणाऱ्या बाईने ते काढून दिले. मुलाने तिला विचारले, तळाशी एवढे शिंगाडे पडलेत, ते तुम्ही का काढत नाही? ती म्हणाली, "ते नाई काढत बाबू. ते पुढच्या सालचे."

तिला सूरह अनआम ठाऊक नाही. पण पिकातला सगळा हिस्सा आपला नसतो हे तिला ठाऊक आहे. ज्यांना सूरह पाठ आहे अशा आमच्या काही घरांत याच दिवसांत धानाची कापणी असते. उश्राची रक्कम आम्ही शहरातल्या मदरशाला पाठवतो, पावती घेतो, ती जपून ठेवतो. ते चांगलेच काम आहे. पण कापणाऱ्या बायकांची मजुरी त्या दिवशी दिली का, की हिशेब दिवाळीनंतरवर ढकलला, हे पावतीवर लिहिलेले नसते. ज्याने त्याने आपल्या बांधावर पाहावे.

पहिली म्हातारी आम्हाला पुन्हा भेटली नाही. दुसऱ्या वर्षी विचारले तेव्हा कोणी म्हणाले लेकीकडे गेली, कोणी म्हणाले वारली. नाव विचारून घेतले नव्हते, त्यामुळे पुढे शोधता आले नाही. ज्याचा हक्क आपल्याकडे राहिला तो माणूस सापडत नसेल तर तेवढी रक्कम त्याच्या नावाने सदका करावी, असे मौलवीसाहेबांनी सांगितले. दहाचे शंभर करून आम्ही ते केले. खालाजानना कळवले. त्या म्हणाल्या, बरे केलेत, पण पैसे फिटले म्हणजे माफी मिळाली असे समजू नका. ती तिच्याकडेच आहे.